आधी वही, मग ग्रुप : सत्तरीनंतर कॉलेजचा वर्ग पुन्हा गोळा करताना

व्हॉट्सॲपचा ग्रुप काढायची घाई करू नका. आधी जाड पुठ्ठ्याची, दोनशे पानी वही आणा. पुढचं सगळं काम त्या वहीवर उभं राहणार आहे.

मी सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजची, १९७४ ची बी.एस्सी. २०१९ मध्ये कॉलेजला शंभर वर्षं झाली, तेव्हा मी आणि माझ्या एका मैत्रिणीने आमचा वर्ग शोधायला घेतला. आम्ही ६१ जण होतो. आजवर ५७ जणांचा ठावठिकाणा लागला, आणि त्या ५७ पैकी १९ जण आता नाहीत. हा दुसरा आकडा सुरुवातीलाच सांगते, कारण या वयात वर्ग शोधायला निघालं की आनंदाच्या फोनांबरोबर तेही ऐकावं लागतं. तयारी ठेवून उतरलं की हात थांबत नाही. ज्यांना आता सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी, आम्ही जे ज्या क्रमाने केलं आणि जे आधी करायला हवं होतं, ते लिहिते आहे.

१. वर्गात कोण कोण, हे ठरवा

‘बॅच’ म्हणताना काही जण प्रवेशाचं साल सांगतात, काही जण पास झाल्याचं. आमच्या पिढीत तर आणखी गुंता आहे. आम्ही अकरावीची एस.एस.सी. देऊन थेट कॉलेजात आलो. दहावीची पहिली परीक्षा १९७५ ची, त्यामुळे आमच्या मागून आलेल्या भावंडांचा हिशेब वेगळा पडतो. शिवाय कुणी पहिल्या वर्षानंतर इंजिनिअरिंगला किंवा मेडिकलला गेलं, कुणी शेवटच्या वर्षाला दुसऱ्या गावाहून आलं, कुणी नापास होऊन मागच्या वर्गात बसलं.

आम्ही एकच नियम केला: जो एक टर्म जरी आपल्या बाकावर बसला, तो आपल्या वर्गातला. हा नियम लिहून ठेवा, कारण त्याची गरज पडते. १९७२ च्या दुष्काळात जत, आटपाडीकडची काही मुलं दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडून घरी गेली ती परत आलीच नाहीत. दोन मुलींची लग्नं परीक्षेआधीच झाली. यांतल्या एकाला आम्ही गाठलं, तेव्हा तो म्हणाला, “मी कुठं पास झालो? मला कशाला बोलवताय?” माझी मैत्रीण म्हणाली, “अरे, हजेरीत तुझं नाव माझ्या नावाच्या आधी होतं. तू ‘हजर’ म्हणालास की मी सावध व्हायचे.” त्यानंतर तो प्रत्येक भेटीला आला आहे.

२. आठवणीतून यादी

दोघांनी वेगवेगळं बसून नावं लिहा आणि मगच याद्या शेजारी ठेवा. एकत्र बसलं की पहिल्याला आठवतं तेच दुसऱ्यालाही आठवत राहतं. नावं नुसती आठवू नका, जागेवरून आठवा: हजेरी कशी घेतली जायची, प्रॅक्टिकलला टेबलावर समोर कोण होतं, वसतिगृहात शेजारच्या खोलीत कोण, एन.सी.सी.च्या कॅम्पला, गॅदरिंगच्या नाटकात, सायकल स्टँडवर कोण. आमच्या पहिल्या बैठकीत ३८ नावं आली. केमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेतली टेबलं कागदावर काढली, तेव्हा आणखी नऊ आली.

मग कागदपत्रं. कॉलेजच्या वार्षिक अंकांत वर्गांचे आणि मंडळांचे फोटो असतात, खाली नावं छापलेली असतात. हे अंक बहुधा कॉलेजच्या ग्रंथालयात सापडतात. जाताना साल आणि आपलं नाव लिहिलेला साधा अर्ज न्या. जून-जुलैत प्रवेशांची गर्दी असते आणि परीक्षांच्या दिवसांत कुणाला मान वर करायला वेळ नसतो; दिवाळीच्या सुट्टीनंतरचे पंधरा दिवस बरे. कार्यालयातल्या जनरल रजिस्टरात तुमची नावं आणि त्या वेळचे पत्ते असतात, पण ते रजिस्टर बाहेरच्या माणसाच्या हातात देता येत नाही, आणि ते बरोबरच आहे. तुम्ही तुमच्या यादीतली नावं पडताळून द्यायची विनंती करा. पदवीचे कागद शोधत असाल तर विद्यापीठाकडे लक्ष द्या: शिवाजी विद्यापीठ १९६२ चं, त्याच्या लगेच आधीच्या वर्षांत आमच्याच कॉलेजातून पास झालेल्यांची पदवी पुणे विद्यापीठाची असते.

वहीत प्रत्येकाला एक पूर्ण पान द्या. वर कॉलेजातलं पूर्ण नाव, त्याखाली आताचं नाव, गाव, फोन, आणि घरातल्या आणखी एका माणसाचा फोन. शेवटची ओळ अशी ठेवा: ‘फोन कधी करावा, कसा करावा’. कुणाला डाव्या कानाने ऐकू येत नाही, कुणी दुपारी झोपतं, कुणाचा फोन सूनबाई उचलतात. ही ओळ पुढे फार उपयोगी पडते.

३. मुलींना शोधणं

हे सगळ्यात अवघड, म्हणून यावर जरा जास्त बोलते. आमच्या पिढीत लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहायचे. आडनाव तर बदलायचंच, पण पुष्कळ जणींचं पाळण्यातलं नावही त्या ताटात संपायचं. वर्गातल्या अकरा मुली आम्ही. त्यांतल्या सात जणींची नावं आणि आडनावं दोन्ही बदललेली. फेसबुकवर जुन्या नावाने शोधून त्या सापडणार कशा?

आमच्या अनुभवातून हे मार्ग उपयोगी पडले.

माहेरचा भाऊ. बहिणी परगावी गेल्या तरी भाऊ किंवा भाचा बहुतेक वेळा त्याच गावात, त्याच पेठेत सापडतो. दुकान असेल तर उत्तमच. आमच्या तीन मैत्रिणी अशा सापडल्या: एकीच्या भावाचं किराण्याचं दुकान होतं, एकीचं घर विकलं गेलं होतं पण शेजारच्या आजींकडे नंबर होता, एकीच्या वडिलांचा जुना दवाखाना आता भाचा चालवतो.

नोकरी. बी.एस्सी. झालेल्या मुली पुष्कळदा बी.एड. करून शिक्षिका झाल्या किंवा बँकेत, टेलिफोन खात्यात लागल्या. निवृत्तांच्या संघटनांकडे चौकशी केली तर नंबर देत नाहीत, पण निरोप पोचवतात. तेवढं पुरे.

आणि मैत्रिणीची मैत्रीण. दोन मुली एकमेकींच्या लग्नाला गेल्या असतील, तर सासरचं गाव त्यांनाच ठाऊक असतं.

पण एक गोष्ट कृपा करून पाळा. मुलीला पहिला फोन मुलीनेच करावा. पंचाहत्तरीच्या बाईला स्वतःचा फोन असेलच असं नाही. तो मुलाच्या किंवा सुनेच्या हातात असतो, आणि अचानक कुणा ‘वर्गमित्रा’चा फोन आला की घरात प्रश्न उठतात. आम्ही सुनेला सरळ सांगायचो, “मी तुमच्या सासूबाईंच्या कॉलेजातली मैत्रीण, त्यांच्या माहेरच्या नावाने ओळखते.” माहेरचं नाव सांगितलं की खात्री पटते. एक मैत्रीण मात्र म्हणाली, “माझी आठवण काढलीस, फार बरं वाटलं, पण मला नको कुणाशी बोलायला.” आम्ही तिचा नंबर वहीत ठेवला आणि तिच्या पानावर लिहिलं: फोन करू नये. दिवाळीला तिला मी हाताने लिहिलेलं पत्र पाठवते. उत्तर येत नाही. पत्र परतही येत नाही.

४. पहिला फोन

फोन सकाळी साडेदहा ते बारा किंवा संध्याकाळी पाच ते साडेसहा या वेळात करा. दुपार टाळा, रात्री साडेसातनंतर नको. आधी कॉलेजातलं स्वतःचं नाव सांगा, मग कॉलेज, साल, आणि लगेच एक ठोस आठवण: “तुम्ही फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला माझ्या मागच्या टेबलावर होता.” मग विचारा, आत्ता बोलायला सोयीचं आहे का.

“ओळखलंस का? ओळख पाहू!” असं कधीही करू नका. तरुणपणी ती गंमत असते. आता समोरच्याला नाव आठवलं नाही की तो हादरतो, आपली स्मृती गेली की काय या भीतीने गप्प होतो, आणि पुन्हा फोन उचलत नाही.

तू की तुम्ही, हा आमच्या पिढीचा खरा प्रश्न आहे. आम्ही वर्गातल्या मुलांना आडनावाने हाक मारायचो आणि अहोजाहो करायचो. तेही आमच्याशी तसंच बोलायचे. पन्नास वर्षांनी काही जण सहज ‘तू’वर येतात, काहींना ते जड जातं. समोरचा जे वापरेल ते आपण वापरावं. माझा एक वर्गमित्र आजही मला “अहो” म्हणतो आणि मी त्याला. त्यात दुरावा नाही, ती आमची बोलायची रीत आहे.

पहिल्या फोनवर मुलं परदेशात आहेत का, घर किती मोठं, किती पेन्शन बसली, हे विचारू नका. जोडीदाराबद्दलही आपण होऊन विचारू नका. सांगायचं असेल तर ते सांगतील. शेवटी एवढंच विचारा: तुमचा नंबर वर्गातल्या बाकीच्यांना दिला तर चालेल का? ‘हो’ म्हणाले तरच द्या. आणि दोन दिवसांनी पुन्हा एक छोटा फोन करा. पहिला फोन आश्चर्याचा असतो, बोलणं दुसऱ्या फोनपासून सुरू होतं.

५. आता ग्रुप

वीसेक पानं भरली की ग्रुप काढा. दोन ॲडमिन असू द्या, त्यांतली एक व्यक्ती तरी गावातच राहणारी आणि रोज फोन पाहणारी. नवीन माणसाला न विचारता ग्रुपमध्ये ओढू नका, आधी फोन करून सांगा.

शिकवायच्या गोष्टी थोड्याच आहेत, पण त्या समोर बसून शिकवाव्या लागतात. चॅटमधली अक्षरं मोठी कशी करायची. टाइप होत नसेल तर माइकचं बटण धरून आवाजी निरोप कसा पाठवायचा. आमच्या ग्रुपवर निम्मं बोलणं असंच चालतं आणि आवाज ऐकायला मिळतो म्हणून मला ते जास्त आवडतं. फोटो आणि व्हिडिओ आपोआप डाउनलोड होणं बंद कसं करायचं, नाहीतर महिन्याभरात फोन भरतो. ग्रुप म्यूट कसा करायचा.

नियम लिहून वर पिन करा: राजकारण नको, जातीधर्मावरून काही नको, औषधांचे फॉरवर्ड नकोत. यावर सौम्य राहून चालत नाही. आमचा ग्रुप २०१९ च्या निवडणुकीच्या दिवसांत जवळजवळ मोडला होता. तीन जण निघून गेले. त्यांना परत आणायला मला आठ महिने आणि पुष्कळ फोन लागले. आता असा निरोप आला की ॲडमिन तो काढतात आणि पाठवणाऱ्याला खासगीत फोन करतात. ग्रुपवर कुणालाही टोकायचं नाही.

‘सुप्रभात’च्या चित्रांचं काय करायचं, यावर आमच्यात वाद झाला. बंद करा, असं बऱ्याच जणांचं मत होतं. मी विरोध केला. वर्गातली एक बाई मिरजेत एकटीच राहते आणि रोज सकाळी सात वाजता फुलाचं चित्र टाकते. ते तिचं ‘हजर’ आहे. एका सोमवारी फूल आलं नाही, मंगळवारी नाही. मैत्रिणीने शेजाऱ्यांना फोन केला. ती न्हाणीघरात पडली होती, पण वेळेवर दवाखान्यात नेता आली. त्यानंतर आम्ही एकटं राहणाऱ्या पाच जणांची नावं वहीत वेगळी लिहिली आणि प्रत्येकामागे एक माणूस ठरवला. दोन दिवस खबर नाही, की फोन.

स्मार्टफोन नसलेल्यांसाठी ग्रुप म्हणजे बंद दार. आमच्यात असे नऊ जण आहेत. ग्रुपवर जे ठरतं ते त्यांना त्याच दिवशी फोनवर सांगायचं, हे काम एका माणसाकडे सोपवा आणि ती जबाबदारी दर सहा महिन्यांनी बदला.

फसवणुकीबद्दल एक बैठक वेगळी घ्या. वर्गमित्राच्या नावाने “दवाखान्यात आहे, तातडीने पैसे पाठव” असा निरोप आला, तर आधी त्याला साधा फोन करायचा, वहीतल्या दुसऱ्या नंबरवरही करायचा. मोबाइलवर आलेला सहा आकडी कोड कुणालाही सांगायचा नाही. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे स्वतःचा एक जास्तीचा पिन, लावून घ्या. लग्नपत्रिका म्हणून एपीके (फोनमध्ये ॲप बसवणारी) फाइल आली तर उघडू नका. पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते. पोलिस म्हणून व्हिडिओ कॉल करून कुणी ‘डिजिटल अरेस्ट’ची भीती घातली, तर अशी कुठलीही गोष्ट कायद्यात नाही. पैसे गेलेच तर त्याच तासाला १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा. आणि ज्याची फसवणूक झाली त्याला ग्रुपवर कुणी शहाणपण शिकवायचं नाही.

परदेशातल्यांसोबत व्हिडिओ कॉल करायचा तर वेळ विचारपूर्वक ठरवा. उन्हाळ्यात आपल्याकडे रविवारी संध्याकाळी साडेसात वाजता लंडनमध्ये दुपारचे तीन, न्यूयॉर्कला सकाळचे दहा, कॅलिफोर्नियात सकाळचे सात असतात. हिवाळ्यात तिकडे तासभर आधीचं घड्याळ. सिडनीला मात्र तेव्हा मध्यरात्र किंवा त्याहून उशीर होतो. सिडनीचं कुणी असेल तर आपली सकाळ साडेसातची घ्या. झूमचा फुकटचा कॉल ४० मिनिटांत तुटतो, गूगल मीटचा एका तासात. आमच्या वयाला तेवढा वेळ पुरतो. एकाने नाव घेऊन प्रत्येकाला बोलायला सांगावं, नाहीतर सगळे एकदम बोलतात आणि कमी ऐकू येणारे गप्प बसतात.

६. स्नेहमेळावा

डिसेंबरचा शेवट ते फेब्रुवारीचा मध्य, हे दिवस चांगले: ऊन कमी, परदेशातले आलेले असतात. चार महिने आधी तारीख सांगा. वेळ अकरा ते चार, म्हणजे जवळपासचे लोक अंधार पडायच्या आत घरी पोचतात.

जागा बघताना सजावट बघू नका. तळमजला आहे का, कमोड आहे का, त्याच्या बाजूला धरायला दांडी आहे का, खुर्च्यांना हात आहेत का, रिक्षा दारापर्यंत येते का, हे बघा. आमच्या पहिल्या मेळाव्याचा हॉल पहिल्या मजल्यावर होता आणि लिफ्ट असल्याचं आम्हाला सांगितलं होतं. त्या दिवशी ती बंद होती. दोघे जण जिन्याखालीच बसून राहिले आणि आम्ही सगळे आळीपाळीने खाली जाऊन त्यांना भेटलो. तेव्हापासून स्वतः जाऊन पाहिल्याशिवाय मी जागा ठरवत नाही.

जेवण साडेबारालाच. मधुमेहाचं इंजेक्शन घेणाऱ्यांना ‘जरा थांबा, भाषण संपतंय’ म्हणून चालत नाही. तिखट कमी, भाकरी मऊ, एक साधं वरण-भात आणि ताक. गोड ठेवा, पण आग्रह करू नका.

छातीवरच्या पट्टीवर नाव मोठ्या अक्षरांत लिहा. मुलींच्या पट्टीवर माहेरचं नाव वर आणि आताचं खाली. ही एक गोष्ट केली की अर्धी अवघडलेली मिनिटं वाचतात. भाषणं दोनच, पाच-पाच मिनिटांची. शाल-श्रीफळाचे सत्कार ठेवू नका. माणसं एवढ्या लांबून एकमेकांशी बोलायला आलेली असतात. हॉलच्या भिंतीला जुने फोटो मोठे करून लावा आणि त्यासमोर खुर्च्या ठेवा. सगळ्यात जास्त गप्पा तिथे होतात.

प्रवासाचं आधी सांगून ठेवा. वयाची ७५ वर्षं पूर्ण झालेल्यांना एस.टी.चा प्रवास राज्याच्या हद्दीत मोफत आहे, ६५ ते ७५ वयाच्यांना निम्मं तिकीट, आणि महिलांना वयाची अट न ठेवता निम्मं. वयाच्या सवलतीसाठी ओळखपत्र सोबत हवं. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, पण खालच्या बर्थचा कोटा आहे. पुरुष ६० आणि महिला ४५ वर्षांपुढच्या, एकट्याने किंवा दोघांनी प्रवास करताना तो निवडायला विसरू नका.

वर्गणीबद्दल फार जपा. वर्गात कुणी सरकारी निवृत्तिवेतनावर आहे, आणि कुणी साखर कारखान्यात किंवा सूतगिरणीत आयुष्य घालवून ईपीएस-९५ या प्रॉव्हिडंट फंडाच्या पेन्शनच्या हजार-दोन हजारांत महिना काढतो आहे. सगळ्यांना समान वर्गणी लावली की दुसऱ्या प्रकारची माणसं तब्येतीचं कारण सांगून येत नाहीत. आम्ही रक्कम ठरवतच नाही. खजिनदाराकडे ज्याला जे शक्य ते द्यावं, कुणी किती दिले हे फक्त खजिनदाराला माहीत. खर्चाचा हिशेब मात्र पैन्‌पैचा ग्रुपवर येतो.

आणि शिक्षक. आमचे जे दोन सर हयात आहेत ते नव्वदीत आहेत. त्यांना मेळाव्याला आणून तीन तास खुर्चीवर बसवू नका. आदल्या दिवशी चौघांनी त्यांच्या घरी जावं, घरच्यांना विचारून वेळ ठरवावी, अर्ध्या तासात उठावं. आम्ही गेलो तेव्हा आमच्या गणिताच्या सरांना आमच्यापैकी कुणाचंच नाव आठवलं नाही. पण मैत्रिणीने जुन्या वहीतलं एक गणित समोर ठेवलं, तेव्हा त्यांनी पेन मागितलं आणि तिसऱ्या ओळीतली तिची ५० वर्षांपूर्वीची चूक दुरुस्त केली.

७. कॉलेजशी नातं

बहुतेक कॉलेजांत आता माजी विद्यार्थी संघ असतो. कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनातही माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाची नोंद घेतली जाते. सभासद व्हा, पण नुसत्या फीवर थांबू नका. प्राचार्यांची वेळ घेऊन एकच प्रश्न विचारा: तुम्हाला कशाची गरज आहे? आम्ही आधी बाकं देणार होतो, त्यांवर वर्गाचं नाव घालून. विचारल्यावर कळलं की बाकं पुष्कळ आहेत. दुष्काळी तालुक्यांतून आलेली काही मुलं महिन्याच्या शेवटी मेस बंद करतात आणि वडापाववर राहतात, गरज तिथे आहे. आता आमचा वर्ग दर वर्षी काही मुलांची मेस भरतो. नावं आम्हाला कळत नाहीत, आम्ही ती मागतही नाही.

कायम ठेव ठेवून बक्षीस द्यायचं असेल तर हिशेब आधी करा. एक लाखावर साडेसहा टक्क्यांनी वर्षाला साडेसहा हजार येतात. वीस वर्षांनी त्या साडेसहा हजारांत काय येईल याचा विचार करून ठेवीची रक्कम ठरवा.

देणगी चेकने किंवा बँकेतून थेट संस्थेच्या खात्यावर द्या, वर्गाच्या कुणाच्या वैयक्तिक खात्यातून फिरवू नका. देणगीवरची आयकराची सवलत (८०-जी नावाने ओळखली जाणारी) हवी असेल तर रोख दोन हजारांपेक्षा जास्त देऊन उपयोग नाही, संस्थेकडून देणगीचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं, आणि नव्या करप्रणालीत ही सवलत मिळत नाही. परदेशातल्या मित्रांचं नीट समजून घ्या: भारतीय पासपोर्ट असलेला माणूस तिथून आपल्या कमाईतून बँकेमार्फत देणगी देऊ शकतो. पण जो अमेरिकेचा किंवा दुसऱ्या देशाचा नागरिक झाला आहे, त्याचा पैसा कायद्याने विदेशी देणगी ठरतो, मग त्याच्याकडे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी. ती फक्त एफसीआरए, म्हणजे विदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच घेता येते. प्रेमाने पाठवलेल्या पैशांनी संस्था अडचणीत येऊ नये, म्हणून हे आधीच विचारा.

पैशांपलीकडेही देण्यासारखं असतं. तुमच्याकडचे जुने फोटो, प्रॅक्टिकलची जर्नल्स, गॅदरिंगची हस्तपत्रकं ग्रंथालयाला दाखवा. मूळ देता येत नसेल तर स्कॅन करून द्या, मागे तारीख आणि नावं लिहून. नावं लिहायचं काम आपलंच आहे. आपल्यानंतर त्या चेहऱ्यांना कुणी ओळखणार नाही.

८. वाईट बातमी

निधनाची बातमी ग्रुपवर टाकण्याआधी घरच्यांशी बोलून खात्री करा. आमच्याकडे एकदा नावसाधर्म्यामुळे चुकीची बातमी फिरली आणि ती त्या माणसाने स्वतःच वाचली. आता वहीतल्या दुसऱ्या नंबरवर बोलल्याशिवाय कुणीही काही टाकत नाही. बातमी एकदाच, पूर्ण: नाव, कधी, कुठे, घरच्यांना भेटायला कधी जाता येईल. ग्रुपवर श्रद्धांजलीचे चाळीस निरोप येतात ते ठीक आहे, पण जवळच्या तिघांनी जाऊन यायलाच हवं, आणि तेराव्यानंतर महिन्याभराने पुन्हा फोन करायला हवा. तोवर घर रिकामं झालेलं असतं.

जोडीदाराला विचारा: तुम्हाला ग्रुपमध्ये राहायचं आहे का? आमच्या ग्रुपमध्ये अशा चार वहिनी आणि एक भावोजी आहेत, आणि ते मेळाव्याला येतात. गेलेल्या माणसाचा नंबर मात्र काही आठवड्यांत ग्रुपमधून काढा. बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर कंपनी दुसऱ्याला देऊ शकते, आणि मग आपल्या मित्राच्या नावावरून कुणी अनोळखी माणूस बोलायला लागतो.

ज्यांची आठवण विझत चालली आहे त्यांना सोडू नका. फोन सकाळी करा, स्वतःचं नाव आधी सांगा, चुकीचं बोलले तर दुरुस्त करू नका. आमचा एक मित्र दर वेळी विचारतो, उद्या प्रॅक्टिकलला जर्नल आणायचं का. मी सांगते, आणू या. त्याची बायको म्हणते की फोननंतर तो दिवसभर शांत असतो.

९. वही पुढे द्या

दर संक्रांतीला वहीतला प्रत्येक नंबर एकदा फिरवून बघा. वहीचे फोटो काढून आणखी दोघांकडे ठेवा, आणि घरात एकाला दाखवून ठेवा की ही वही कुणाला द्यायची. माझ्या नातीला मी कपाटातली जागा दाखवली आहे.

आमच्या वहीत चार पानं अजून रिकामी आहेत, फक्त वर नाव. त्यांतलं एक जतकडच्या त्या मुलाचं, जो बहात्तरच्या पावसाळ्यात “गावाकडं बघून येतो” म्हणून गेला आणि आलाच नाही. त्याच्या गावाचं नाव मागच्या महिन्यात, वसतिगृहातल्या त्याच्या खोलीतल्या जोडीदाराला आठवलं. आता तिथल्या पोस्टात जाऊन विचारायचं आहे. थंडी पडली की मी आणि माझी मैत्रीण जतची सकाळची एस.टी. धरणार आहोत.